मदत हवी आहे: आईचं अश्वगंधा, थायरॉइडची गोळी आणि वाढलेली धडधड

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय, प्लीज पूर्ण वाचा.

आई ६१ वर्षांची, सांगलीला एकटी असते. मागच्या श्रावणात बाबा गेले तेव्हापासून तिची झोपच उडालीय, रात्री अडीचला उठून बसते, फोन वाजला तरी पोटात गोळा येतो. डॉक्टरकडे चल म्हटलं की "मला काय वेड लागलंय का". मग शेजारच्या काकूंनी अश्वगंधाचं चूर्ण दिलं, रात्री दुधातून एक चमचा, आणि खरं सांगते, पहिले पंधरा दिवस ती शांत झोपली, मलाही हायसं वाटलं. त्यात भाच्याने ऑनलाइन कॅप्सूल मागवून दिल्या, डबीवर मोठ्ठं "अँटीऑक्सिडंट, स्ट्रेस कमी करते". आता चूर्ण पण आणि कॅप्सूल पण.

दोन महिन्यांत धडधड वाढली, हात थरथरायला लागले, वजन तीन किलो उतरलं. ती म्हणे टेन्शन वाढलंय, म्हणून चूर्ण दोन चमचे केलं!! तिला थायरॉइड कमी असल्यामुळे बारा वर्षं थायरॉक्झिन ७५ (थायरॉइडच्या हार्मोनचीच गोळी) चालू आहे, टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) कायम २ च्या आसपास असायचा, परवा ०.१ आला, म्हणजे अंगात हार्मोन जास्त झालंय. डॉक्टरांनी विचारलं आणखी काही घेता का, तर नाही म्हणाली. खोटं बोलली नाही हो, तिच्या लेखी ते औषधच नाही, झाडपाला आहे.

मग मी वाचत बसले. अश्वगंधाने काहींच्या अंगात थायरॉइडचं हार्मोन वाढतं, आणि ते जास्त झालं की धडधड, थरथर, झोप न लागणं, म्हणजे हुबेहूब एंग्झायटी! हैदराबादचा २०१२ चा एक अभ्यास सगळे फॉरवर्ड करतात, ६४ जण, मुळाचा अर्क ३०० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा, ६० दिवस, ताण आणि कॉर्टिसोल (ताणाचं हार्मोन) दोन्ही कमी झाले. ते मी नाकारत नाही. पण तो मोजून दिलेला अर्क, आईचा चमचा म्हणजे किती कोण सांगणार? आणि अँटीऑक्सिडंट तर आवळा पण आहे, हळद पण आहे, त्यावरून भीती कमी होईल हे कसं ठरतं? लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेसही आहेत, म्हणून एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) करून घेतेय.

आता मामा म्हणतो अश्वगंधा सोड, ब्राह्मी घे, कुंडीच आणतो. त्याच्याकडची गोल पानांची, म्हणजे मंडूकपर्णी. दुसरी बारीक जाड पानांची जलब्राह्मी, आपल्याकडे दोन्हीला ब्राह्मीच म्हणतात, आणि जलब्राह्मीने उंदरांमध्ये थायरॉइडचं हार्मोन वाढल्याचं वाचलं, म्हणून मी कुंडी थांबवलीय.

तर, थायरॉक्झिन चालू असताना कुणाच्या घरी असं झालंय का? अश्वगंधा बंद केल्यावर टीएसएच किती दिवसांत जागेवर आला, गोळीचा डोस बदलावा लागला का? थायरॉइड आणि ही औषधं दोन्ही समजणारे वैद्य सांगली-कोल्हापूरकडे असतील तर व्यक्तिगत निरोप पाठवा.

अपडेट: कालच फोटो काढून चूर्ण आणि कॅप्सूल डॉक्टरांना दाखवलं, दोन्ही बंद करायला सांगितलंय, सहा आठवड्यांनी परत टेस्ट. आई रुसलीय, "तेवढाच एक आधार होता" म्हणाली आणि मला काही बोलताच येईना. टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ वर मराठीतून कुणी बोललंय का, घरबसल्या फोनवर आहे म्हटल्यावर कदाचित ऐकेल. तिला कसं सांगू?