हिमालयन बाइकवर मॉरिटानिया: दाखला शहर, नुआकशॉट, अतार, शिंगेट्टी. कुणी गेलंय का?

निखिल_४११
नमस्कार मंडळी. राहायला फ्रँकफर्टजवळ, पासपोर्ट भारतीय, जर्मनीचा रहिवासी परवाना आहे. गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ बाइक, नंबर जर्मन. डिसेंबरच्या शेवटी स्पेनमधल्या अल्जेसिरासहून बोटीने मोरोक्कोतलं टँजर-मेड बंदर, मग किनाऱ्याकिनाऱ्याने पश्चिम सहारातल्या दाखला शहरापर्यंत आणि पुढे मॉरिटानिया देश. राजधानी नुआकशॉटहून अतार-शिंगेट्टी ही वाळवंटातली गावं करून त्याच वाटेने परत यायचा बेत आहे. वाळूचा अनुभव म्हणाल तर अलिबागचा किनारा, तोही पल्सरवर! मुख्य भीती तीच. वाळूसाठी वेगळे टायर घ्यावेत का? आणि १५ लिटरच्या टाकीत भागेल का?

सातारकर_मालागा
निखिल, हाच रस्ता मी ४११ वरच केलाय, म्हणून सविस्तर लिहितो. वाळूची काळजी आत्ता बाजूला ठेव. टँजरपासून अतारपर्यंत जवळजवळ सलग डांबर आहे. तू जायचा हिशेब चोख मांडलायस, परतीचा मांडलेलाच नाहीस. लोक नेमके तिथेच अडकतात.

आधी वारा. त्या किनाऱ्यावर तो बहुतेक वेळ उत्तरेकडून वाहतो. जाताना पाठीवर असतो, गाडी सुसाट पळते, लिटरला तीस सहज मिळतात आणि माणूस खूश. येताना तोच वारा छातीवर. बोजदोरच्या आसपास मला चौथ्या गियरमध्ये ऐंशीच्या वर जाता येईना आणि ॲव्हरेज बावीस-तेविसावर आलं. त्यामुळे टाकीचा हिशेब बाविसाने कर आणि पाच लिटरचा कॅन बांध. मॉरिटानियात शिरायच्या गेरगेरातच्या सीमेआधी पंप आहे, तिथे काठोकाठ भर. पलीकडे नुआदिबू ते नुआकशॉट सुमारे ४७० किलोमीटर. मध्ये पंप लागतात, पण तिथला सगळा कारभार ट्रकवाल्यांसाठी. डिझेल असतं, पेट्रोल असेलच असं नाही. 'एसाँस' म्हणून विचारायचं. 'गाझवाल' म्हणजे डिझेल. नळी टाकीत जाण्याआधी पुन्हा विचार.

दुसरं, व्हिसा. मोरोक्कोत तू दोनदा शिरणार आहेस. हातात एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर येताना दोन चौक्यांच्या मधल्या पट्ट्यात उभा राहशील, आणि तो पट्टा उभं राहायच्या लायकीचा नाही. पूर्वी तिथे नुसते खडक आणि गंजलेल्या गाड्यांचे सांगाडे होते, आता बराचसा डांबरी झालाय. पण आजूबाजूला जुने सुरुंग अजून आहेत. लघवीला म्हणूनही चाकोरी सोडायची नाही.

तिसरं, गाडीचा कागद. मॉरिटानियात शिरताना कस्टमवाले तात्पुरत्या आयातीचा कागद देतात, तो बाहेर पडताना परत द्यावा लागतो. पासपोर्टबरोबर जपून ठेव. युरोपचा विमा तिथे चालत नाही, सीमेवरच स्थानिक विमा काढायचा.

आता वाळू. अतार ते शिंगेट्टी साधारण ८० किलोमीटर, कच्चा रस्ता. घाट चढून पठारावर गेलं की पत्र्याच्या शेडसारखा लाटालाटांचा रस्ता सुरू होतो, अंगातला खिळा न् खिळा ढिला होतो. मधूनमधून वाळूचे पट्टे. सामान अतारच्या मुक्कामी ठेवून जा, ही एकच गोष्ट दहा टायरांचं काम करते. हवा निम्म्यावर आण, फूटपेगवर उभा राहा, नजर लांब ठेव आणि पुढचं चाक वळवळलं की थ्रॉटल सोडू नकोस. सोडलास की चाक रुतलंच. आपल्या गाडीला ट्यूब आहेत, तेव्हा दोन्ही मापांच्या ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या आणि पंप हवेच. घरी एकदा मागचं चाक स्वतः खोलून बघ.

रेवा_नाशिक
@निखिल_४११, दादा, घरचे विचारतील म्हणून: तिकडे सुरक्षित आहे का? २००८ ची डाकार रॅली (ती वाळवंटातली गाड्यांची शर्यत) मॉरिटानियामुळेच रद्द झाली होती ना?

सातारकर_मालागा
हो. २००७ च्या डिसेंबरात तिथे फ्रेंच पर्यटकांचा खून झाला, धमक्याही आल्या, रॅली रद्द झाली आणि पुढच्या वर्षी थेट दक्षिण अमेरिकेत गेली. तेव्हापासून त्यांनी रस्त्यांवर चौक्या बसवल्यात. प्रत्येक चौकीवर 'फिश' मागतात: नाव, पासपोर्ट, व्हिसा, गाडीचा नंबर, कुठून कुठे, सगळं फ्रेंचमध्ये एका पानावर. तीस-चाळीस प्रती छापून टँकबॅगेत ठेव. ती दिली की दोन मिनिटांत सुटका, नाही तर हवालदार वहीत एकेक अक्षर कोरत बसतो. शेजारच्या माली देशाच्या हद्दीकडचा पूर्व भाग मात्र डोक्यातून काढून टाक. आणि अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचाच. उंटाला ना दिवा ना रिफ्लेक्टर.

कोकणी_डेझर्ट
पैशांचं राहिलं. २०१८ मध्ये त्यांनी ऊगिया या आपल्या चलनातला एक शून्य उडवला, पण बाजारात कित्येक जण अजून जुन्या हिशेबाने बोलतात. मला पाण्याच्या बाटलीचा भाव ऐकून घाम फुटला होता. किंमत कळली की 'जुन्यात की नव्यात?' हे आधी विचारा. शाकाहारी असाल तर मेतकूट आणि दशम्या न्या, बाकी पाव, खजूर आणि चहा. चहाचे तीन ग्लास होतात, पहिल्यावर उठलात तर यजमानाला वाईट वाटतं.

निखिल_४११
मंडळी, आभार! व्हिसाचं खरंच डोक्यात नव्हतं. एकच शंका: येताना वारा इतका वाईट असेल तर अतारहून शूम स्टेशनला जाऊन लोहखनिजाच्या मालगाडीवर बाईक चढवावी का? नुआदिबूपर्यंत तरी सुटका.

सातारकर_मालागा
माझं मत, नको. जवळजवळ ७०० किलोमीटरची लाइन, दोन-अडीच किलोमीटर लांब मालगाडी, वेळेचा भरवसा नाही. तुझ्या दिशेने ती खनिजाने भरलेली असते, गाडी ठेवणार कुठे? धूळ एअर फिल्टरमध्ये जाईल ती वेगळीच. शूमला गेलासच तर बोगदा बघ. ही लाइन टाकली तेव्हा पलीकडे स्पेनचा मुलूख होता, त्यांच्याशी जमेना म्हणून फ्रेंचांनी वळसा न घालता ग्रॅनाइटचा डोंगर फोडला, दोनेक किलोमीटर. आता रूळ बाहेरूनच जातात. पण तिथून उत्तरेला रूळ ओलांडू नकोस, पश्चिम सहाराची हद्द लागूनच आहे, तिकडेही सुरुंग आहेत.

वाऱ्याला उपाय पहाटे निघण्याचा. दुपारी तो चढतो, म्हणून दिवसाचे अडीचशे-तीनशे किलोमीटर दुपारच्या आत उरक. परतीला दोन दिवस जास्तीचे धर आणि रजेचा अर्ज त्याच हिशेबाने टाक.