केऑनचा हॉल दुसऱ्या प्रयोगाला देणं बरोबर होतं का?

सांजवारा: माझ्या मते चूक झाली. केऑन म्हणजे क्षणार्धात फुटणारा एक कण; या फुटण्यालाच क्षय म्हणतात. सर्न या युरोपच्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या ज्या हॉलमध्ये केऑनचे क्षय मोजणारा एनए-६२ प्रयोग आहे, तिथे पुढचा केऑन प्रयोग हाइक न घेता मार्च २०२४मध्ये शिप या नवे कण शोधणाऱ्या प्रयोगाची निवड झाली. सहाच महिन्यांनी एनए-६२ने जाहीर केलं: केऑनमधून एक पायॉन (केऑनहून हलका कण) आणि न्यूट्रिनो-प्रतिन्यूट्रिनो निघणं १०० अब्ज क्षयांत सुमारे १३ वेळा घडतं. स्टँडर्ड मॉडेल, म्हणजे मूलकणांचा आजचा मान्य सिद्धांत, सांगतं साधारण ८. या क्षयाचं गणित इतकं स्वच्छ आहे की एखाद्या अज्ञात कणामुळे थोडीशी भर पडली तरी ती दिसेल. अशी जागा सोडायची?

नाना_फळा: १३च्या पुढे अधिक-उणे ३ आहे, ते गाळू नका. हा फरक दोन सिग्माचाही नाही (सिग्मा म्हणजे चूकमर्यादेचं माप; शोध म्हणायला पाच लागतात). २०२१मध्ये सर्नच्याच एलएचसीबी प्रयोगाने बी मेसॉन या जड कणाच्या क्षयात म्युऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) आणि इलेक्ट्रॉन यांच्या प्रमाणात ३.१ सिग्माचा अनपेक्षित फरक दाखवला, तेव्हा मी अकरावीच्या वर्गात फळ्यावर आकडे लिहून सांगितलं होतं. डिसेंबर २०२२मध्ये त्याच गटाने नव्याने तपासलं. काही हॅड्रॉन (पायॉन-केऑनसारखे कण) इलेक्ट्रॉन म्हणून मोजले गेले होते, फरक गेला. त्याच वर्गासमोर पुन्हा उभं राहून सांगावं लागलं. शिप तरी थेट नवे कण शोधणार आहे. विश्वात न दिसणारं कृष्णद्रव्य आहे हे माहीत असताना दशांशामागे किती धावायचं?

रेवा_के: नाना, ती चूक सापडली ती मोजणी चालू राहिली म्हणूनच ना? इथे काम कसं चालतं तेही बघा. आत एक केऑन येतो, बाहेर एकच पायॉन दिसतो, दोन्ही न्यूट्रिनो हाती लागत नाहीत. म्हणून येणाऱ्या आणि जाणाऱ्या कणाचा संवेग मोजून काय हरवलं ते काढायचं. पण शंभरातले सुमारे ६३ केऑन म्युऑन आणि न्यूट्रिनोत फुटतात. त्यातला एखादा म्युऑन पायॉन समजला गेला की संपलं. शिवाय २० पायॉन-जोडीत जातात; त्यातला भाररहित पायॉन लगेच दोन फोटॉनांत, म्हणजे प्रकाशकणांत, फुटतो, तिथे एक फोटॉनही निसटता कामा नये. एवढं गाळून ५१ घटना उरल्या, त्यांत १८ बनावट असाव्यात असा अंदाज. हे मला दशांशामागे धावणं वाटत नाही.

खाणकाठ: कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खोल, टीआयएफआर या मुंबईच्या संशोधन संस्थेच्या मंडळींनी जपानी सहकाऱ्यांसह प्रोटॉनचा क्षय शोधला. संशयित घटना मिळाल्या, पण मोठ्या उपकरणांनी दुजोरा दिला नाही. तरी शोधच वाया गेला असं कोण म्हणेल? प्रोटॉन फुटताना न दिसल्यामुळेच सर्वांत साधा एकीकरण सिद्धांत (निसर्गातली बलं एकच मानणारा) बाद झाला.

नाना_फळा: तिथे सिद्धांताने प्रोटॉनचं आयुष्य किती ते आधी सांगितलं होतं, म्हणून तो हरू शकला. इथे उद्या १० आलं तर काय बाद होणार?

सांजवारा: चूकमर्यादा पुरेशी आवळून १० आलं, तर स्टँडर्ड मॉडेलच बाद. आणि ८ आलं, तर नव्या कणांच्या अनेक कल्पना बाद. मर्यादा तेवढी आवळायलाच हाइक हवा होता.

नाना_फळा: हे पटलं. हॉल मात्र मी अजूनही शिपलाच दिला असता.