कथेतले बँड, खरी गाणी : तुमचा अनुभव सांगा

कुणीतरी गोष्टीसाठी रचलेला बँड, आणि त्याचं गाणं मात्र आपल्या तोंडी कायमचं बसलेलं. असा तुमचा बँड कोणता? तो खरा कधी वाटू लागला? सविस्तर लिहा, घाई नाही.

सुरुवात मी करते. ‘दॅट थिंग यू डू!’ (१९९६) मधले ‘द वंडर्स’. १९६४ सालची पोरं, एकच गाणं गाजतं आणि बँड फुटतो. सिनेमाभर तेच गाणं पुन्हापुन्हा वाजतं. ते कंटाळवाणं निघालं असतं तर सिनेमा उभाच राहिला नसता. ॲडम श्लेसिंजरने रचलेल्या त्या गाण्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. ऐन स्पर्धेत ड्रमर लय वाढवतो, गायक वैतागतो, पण तोवर लोक नाचायला लागलेले असतात. मी तेव्हा ड्रम्स शिकत होते. गाणं कुणाच्या हातात असतं ते त्या प्रसंगाने मला दाखवलं.

*

स्पायनल टॅप! मी काही वर्षं बँडमध्ये बेस वाजवायचो. स्टेजकडे जाताना ते तळघरात वाट चुकतात, स्टोनहेंजच्या प्राचीन शिळांचा देखावा अठरा फुटांऐवजी अठरा इंचांचा वरून खाली येतो... बँडमधल्या माणसाला हे बघताना पोटात गोळाही येतो. तिघं नट स्वतः वाजवणारे, गाणारे. १९८४ च्या सिनेमातला हा बँड १९९२ मध्ये वेम्ब्लीला, ‘क्वीन’ बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरीच्या स्मृतिसोहळ्यात, खरोखर वाजवून गेला. आणखी काय हवं?

*

‘बेक’ ही जपानी मांगा, म्हणजे चित्रकथा. तिचा नायक कोयुकी गायला लागला की सगळे स्तब्ध होतात, पण कागदावर तो आवाज आपल्याला ऐकू येत नाही. २०१० च्या सिनेमात दिग्दर्शकाने तेच केलं : तो तोंड उघडतो, आणि त्याचा आवाज शेवटपर्यंत ऐकवलेलाच नाही. मला हा निर्णय फार धाडसी वाटतो. इतक्या वाचकांनी मनात ऐकलेल्या आवाजाची बरोबरी कोण करणार?

*

‘बेक’बद्दल मला नाही पटत. संगीताच्या सिनेमात गाणंच नाही, ही मला वाचकाची फसवणूक वाटते. ‘द कमिटमेंट्स’ बघा. रॉडी डॉयलची कादंबरी १९८७ ची, सिनेमा १९९१ चा. त्यातल्या बँडचा गायक डेको, त्याच्या भूमिकेसाठी अँड्र्यू स्ट्राँग हा जेमतेम सोळा वर्षांचा मुलगा मिळाला, आणि काय तो खर्जातला, फाटत जाणारा आवाज! कादंबरी परत उघडली तर आता त्याचाच आवाज येतो, आणि मला तो हवासा वाटतो.

*

मी ‘बेक’वाल्यांच्या बाजूने. ‘डेझी जोन्स अँड द सिक्स’ (२०१९) या कादंबरीच्या शेवटी गाण्यांचे शब्द छापलेत. मी त्यांना माझ्या चाली लावल्या होत्या, काम करता करता म्हणायचे. २०२३ ला मालिका आली, सोबत ‘ऑरोरा’ हा अल्बमही. रायली किओ, सॅम क्लॅफ्लिन हे मुख्य नट दोघंही छान गायलेत. पण माझ्या चाली पार पुसल्या गेल्या, कितीही आठवल्या तरी येत नाहीत.

*

माझे मंकीज. १९६६ च्या टीव्ही मालिकेसाठी निवडून जमवलेले चौघं. सुरुवातीच्या तबकड्यांवर वाद्यं बहुतेक इतरांनीच वाजवलेली. त्यांनी भांडून हक्क मिळवला आणि १९६७ च्या ‘हेडक्वार्टर्स’वर बरंचसं स्वतः वाजवलं. कुठे कुठे कच्चं आहे, पण जीव ओतलाय. ऐकली नसेल तर आजच ऐका.