मांसबंदी आणि पांढरा भात

बौद्ध धर्मामुळे जपान मेइजी काळापर्यंत (म्हणजे १८६८ पर्यंत) शाकाहारी होता, असं म्हटलं जातं, पण हे विधान जरा सैल वाटतं. सम्राट तेन्मूची इ.स. ६७५ ची बंदी गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी एवढ्यांपुरती होती, तीही शेतीच्या हंगामातल्या काही महिन्यांसाठी. हरीण आणि रानडुक्कर त्या यादीत नव्हतेच. पुढे बंधनं वाढली हे खरं, पण एदोत (आजचं तोक्यो) 'औषध' म्हणून रानडुकराचं मांस विकणारी दुकानं होतीच. पळवाटा काय, सगळीकडे निघतात!

धर्माइतकाच वर्गाचाही हात होता, तो भातात दिसतो. शेतसारा तांदळातच भरावा लागे, त्यामुळे पिकवणारे बरेच शेतकरी बार्ली आणि राळ्यासारखी भरडधान्यं मिसळून खात. पॉलिश केलेला पांढरा भात ही सामुराई आणि शहरी लोकांची चैन. गंमत म्हणजे बेरीबेरी (कोंड्यासोबत निघून जाणाऱ्या ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार) झाला तो यांनाच. एदोत आलं की पाय सुजायचे, गावी परतलं की बरं वाटायचं, म्हणून त्याला 'एदोचा आजार'च म्हणत. १८८४ मध्ये नौदलाचे डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांनी 'त्सुकुबा' जहाजावर आहार बदलून हा आजार जवळपास थांबवला. नंतर नौदलात भातात बार्ली मिसळू लागले. लष्कर मात्र पांढऱ्या भातालाच चिकटून राहिलं, आणि रशियाविरुद्धच्या १९०४-०५ च्या युद्धात त्यांचे हजारो सैनिक बेरीबेरीने गेले.