विषय: तापल्यावर गाडी डावीकडे ओढते, कॅलिपर बदलावा का?

मंडळातील सर्वांस सप्रेम नमस्कार.

गेले तीन आठवडे माझी गाडी वीस-पंचवीस मिनिटे चालल्यानंतर हळूहळू डावीकडे ओढू लागते. ब्रेक दाबला की ही ओढ वाढते आणि थांबून खाली उतरले की डाव्या पुढच्या चाकाजवळ जळका वास येतो. सकाळी गाडी थंड असताना मात्र ती अगदी सरळ चालते. गॅरेजमध्ये पाहिले तेव्हा त्या चाकाचा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झिजलेला निघाला, म्हणून दोन्ही बाजूंचे पॅड बदलून घेतले. पण चार दिवसांत तोच प्रकार पुन्हा सुरू झाला. आता नवा कॅलिपर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड आवळणारा भाग, बसवावा असे सुचवले जात आहे. दोष नक्की तिथेच आहे, हे आधी कसे ओळखावे? चाक काढण्याची मला सवय आहे, पण ब्रेकला आजवर हात लावलेला नाही.

—

प्रत्युत्तर

ताई, नमस्कार.

गाडी थंड असताना सरळ चालते आणि तापल्यावर ओढते, ही आपण टिपलेली गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. आपला ब्रेक लागतो आहे. तो सुटत नाही. पॅड बदलून हा दोष जाणे शक्यच नव्हते, कारण पॅडची झीज हा त्याचा परिणाम आहे.

कॅलिपरमध्ये ब्रेक ऑइलच्या दाबाने पॅडला रेटणारा पिस्टन असतो, पण त्याला मागे खेचणारी स्प्रिंग नसते. पिस्टनभोवतीची रबरी सील तेलाच्या दाबाखाली किंचित मुडपते आणि पाय उचलल्यावर पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे घेते. चाक मोकळे फिरते ते एवढ्याशा हालचालीमुळे. ही हालचाल तीन ठिकाणी अडू शकते: कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना सुकल्या असतील, पिस्टन गंजला असेल, किंवा कॅलिपरकडे येणारी रबरी नळी आतून फुगून बंद होत आली असेल. या नळीचा दोष फसवा असतो, कारण बाहेरून ती धडधाकट दिसते. पायाच्या जोराने तेल तिच्यातून पलीकडे जाते, पण परत यायला मागे तेवढा जोर नसतो. मग अडकलेले तेल तापून प्रसरण पावते आणि पॅड डिस्कवर आणखी आवळले जातात.

तपासणी गाडी तापलेली असतानाच करावी, थंड झाल्यावर काहीही सापडणार नाही. सपाट जागेवर हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना अडण लावा आणि गाडी जॅकवर नव्हे, तर स्टँडवर टेकवा. ब्रेक तीन-चार वेळा जोराने दाबून सोडा आणि चाक हाताने फिरवून पाहा. ते अडकले असेल तर कॅलिपरच्या ब्लीडर निपलला (तेल व हवा बाहेर काढण्याच्या छोट्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीत सोडा आणि निपल पाव फेरा सैल करा. चिळकांडी उडून चाक मोकळे झाले, तर दाब अडकून बसला होता आणि संशय रबरी नळीवर जातो. पेडलच्या जोराने तेलावर दाब देणारा मास्टर सिलिंडर दोषी असता तर त्याच वाहिनीवरचे दुसरे चाकही अडकले असते. निपल उघडूनही चाक हलले नाही, तर मात्र दोष पिनांचा किंवा पिस्टनचा आहे. चाक उतरवून डिस्क निवल्यावर पिनाही पाहून घ्या, त्या बोटांनी सहज सरकायला हव्यात.

तोवर कृपया ही गाडी लांब किंवा उताराच्या रस्त्यावर नेऊ नका. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीचे ताजे तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. चिकटलेला ब्रेक एवढी उष्णता सहज निर्माण करतो. तेल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट तळाला जाते. हे माझ्या बाबतीत एका उतारावर घडले आहे, म्हणून इतक्या आग्रहाने लिहितो.

—

प्रत्युत्तर

काका, आपण सांगितल्याप्रमाणे काल तपासले. चाक दोन्ही हातांनीही फिरत नव्हते. निपल सैल करताच काळपट तेलाची चिळकांडी आली आणि चाक एका बोटाने फिरू लागले. वरची पिन सहज सरकली, खालची मात्र घट्ट होती आणि तिच्यावरचे ग्रीस सुकून डांबरासारखे झाले होते. म्हणजे दोष दोन्हीकडे आहे का?

—

प्रत्युत्तर

होय ताई, दोन्हीकडे आहे. चाक नळीमुळे अडकत होते आणि आतला पॅड अधिक झिजला तो त्या पिनेमुळे. कॅलिपर बदलण्याचे कारण मला दिसत नाही. पिना स्वच्छ पुसून त्यांना ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावा. साधे पेट्रोलियम ग्रीस लावल्यास रबरी टोप्या फुगतात आणि पिन पुन्हा अडते. पिस्टनच्या रबरी आवरणाखाली गंज आहे का, तेही याच वेळी पाहावे.

नळ्या दोन्ही पुढच्या चाकांच्या बदलाव्यात, कारण उजवीकडचीही तितकीच जुनी आहे. सांध्यावरच्या तांब्याच्या चकत्या नव्या घालाव्यात, नळीला पीळ राहू देऊ नये आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवून ती कुठे ताणत किंवा घासत नाही याची खात्री करावी. काळपट तेल संपूर्ण बदलायला हवे. टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचेच तेल भरावे. सगळी हवा निघेपर्यंत पेडल मऊ लागेल. हे काम आपण प्रथमच करत असल्यामुळे नळ्या आणि हवा काढणे जाणकाराकडून करून घ्यावे, पण निदान आपले आहे हे त्याला स्पष्ट सांगावे. डिस्क एकदा तापून निळसर झाली असेल, तर तिची जाडी मोजून डिस्कवरच कोरलेल्या किमान आकड्याशी ताडून पाहा.

काम झाल्यावर पेडल घट्ट लागल्याशिवाय गाडी जागेवरून हलवू नये. नंतर पूर्वीइतकीच पंचवीस मिनिटे चालवा आणि थांबल्यावर स्पर्श न करता दोन्ही पुढच्या चाकांजवळ तळहात धरून पाहा. धग दोन्हीकडे सारखी लागली की इथे दोन ओळी जरूर लिहा, मी वाट पाहीन.