एकाही संघात न टिकलेला खेळाडू चांगला प्रशिक्षक होऊ शकतो का?

धंतोलीकर:
नमस्कार. माझा धाकटा भाऊ नागपूरच्या फुटबॉल लीगमध्ये बारा-तेरा वर्षे डाव्या बाजूने विंगर (कडेने चढाई करणारा खेळाडू) म्हणून खेळला, पण एकाही संघात दोन हंगामांहून अधिक टिकला नाही. आता तेहतिसाव्या वर्षी गुडघा साथ देत नाही, म्हणून त्याला प्रशिक्षक व्हायचे आहे. ज्याला स्वतःचे पाय कुठे रोवता आले नाहीत तो दुसऱ्यांना काय शिकवणार, असे बाबांचे म्हणणे आहे. मी इंग्लंडचे फुटबॉल प्रशिक्षक नील वॉर्नॉक यांचे उदाहरण दिले, तर "ते इंग्लंड आहे" एवढ्यावर विषय मिटला. क्लब बदलत राहण्याचा वॉर्नॉक यांना पुढे खरोखर उपयोग झाला का, हे जाणकारांनी सांगावे.

बर्डीवाला:
वॉर्नॉक 1967 मध्ये चेस्टरफिल्डकडून खेळू लागले आणि रॉदरहॅम, हार्टलपूल, स्कंथॉर्प, ऑल्डरशॉट, बार्न्सली, यॉर्क असे फिरत 1979 मध्ये क्रू येथे थांबले. म्हणजे बारा वर्षांत आठ क्लब, आणि सगळे खालच्या श्रेणींतले. पुढे गेन्सबरो आणि बर्टन या इंग्लंडच्या मुख्य लीगबाहेरच्या क्लबांपासून त्यांनी प्रशिक्षकपदाची सुरुवात केली. पायांच्या विकारांवर उपचार करण्याचे शिक्षणही त्यांनी घेतले होते, त्यामुळे पोट केवळ फुटबॉलवर अवलंबून नव्हते. 1987 मध्ये त्यांच्या स्कारबरो क्लबाने या लीगच्या लगेच खालची स्पर्धा जिंकली. त्याआधी लीगमध्ये नव्या क्लबाला प्रवेश द्यायचा की नाही हे मतदानाने ठरत असे. थेट बढतीचा नियम त्याच हंगामात आला आणि त्याचा पहिला लाभ स्कारबरोला मिळाला. नंतर नॉट्स काउंटीला त्यांनी 1990 आणि 1991 असे लागोपाठ दोनदा वर चढवले, दोन्ही वेळा वेम्बलीवरचा प्लेऑफचा (बढतीसाठीच्या बाद फेरीचा) अंतिम सामना जिंकून. असे संघ मोठ्या क्लबांनी सोडून दिलेल्या खेळाडूंवरच उभे राहतात, आणि सोडून दिले जाणे म्हणजे काय हे वॉर्नॉक यांना कुणी सांगावे लागत नव्हते, असे मला वाटते.

कामठीचा जुना गोलकीपर:
हे सगळे खरे असले, तरी दुसरी बाजूही पाहावी. त्यांचा शेफिल्ड युनायटेड 2006 मध्ये प्रीमियर लीग या सर्वोच्च श्रेणीत आला आणि 2007 मध्ये शेवटच्या दिवशी घरच्या मैदानावर विगनकडून हरून खाली गेला. कार्डिफ 2018 मध्ये वर आला आणि पुढच्याच वर्षी उतरला. क्वीन्स पार्क रेंजर्सला वर आणल्यावर काही महिन्यांतच, जानेवारी 2012 मध्ये, त्यांना पदावरून दूर करण्यात आले. संघ वर चढवणे आणि तिथे टिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत. तुमच्या बाबांना इंग्लंड नको असेल, तर आपल्याकडच्या खालिद जमील यांचे सांगा. मुंबई एफसीचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी बरीच वर्षे आय-लीग (तेव्हाची देशातली अव्वल फुटबॉल लीग) एकदाही न जिंकता काढली आणि 2016 मध्ये ते मिझोरामच्या ऐझॉल क्लबाकडे गेले. हा क्लब आदल्या हंगामात खाली घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून त्याला परत घेतले गेले. जमील यांनी मुंबईतले ओळखीचे आशुतोष मेहता आणि जयेश राणे सोबत नेले, आणि 30 एप्रिल 2017 रोजी शिलाँगमध्ये 1-1 अशी बरोबरी साधून आय-लीग जिंकली. ऑगस्ट 2025 मध्ये ते भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले.

बर्डीवाला:
मुंबईची ती वर्षे वाया गेली नाहीत, असाच याचा अर्थ. भावाला मात्र डी लायसन्सपासून (प्रशिक्षकाच्या सुरुवातीच्या परवान्यापासून) सुरुवात करायला सांगा. त्यानंतर सी, बी, ए अशी चढण आहे, आणि आपण किती सामने खेळलो हे तिथे फारसे कामाला येत नाही.

धंतोलीकर:
सर्वांचे आभार. गेल्या रविवारी यशवंत स्टेडियमजवळच्या मैदानावर भाऊ सामना पाहायला गेला होता. सामना संपल्यावर तो कोणत्याही गोल करणाऱ्याकडे गेला नाही. शेवटपर्यंत मैदानात न उतरवलेल्या मुलाजवळ बसून त्याच्या बुटांच्या नाड्या सोडवत बोलत राहिला. हे बाबांनीही पाहिले. काल आपले प्रतिसाद त्यांना वाचून दाखवले, तर ते ऐझॉलबद्दल काहीच बोलले नाहीत. डी लायसन्सची फी किती असते, एवढेच विचारले.