सातचा भोंगा सांगलीत चालेल का?

वारणाकाठ: कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ साली गावानं ठरवलं, संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही-मोबाईल बंद. साडेआठला परत भोंगा. मधल्या वेळात पोरं अभ्यासाला बसायची. सांगलीच्या विश्रामबागेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या कॉलेजच्या पोरांनी असा नियम का करू नये? एका खोलीत चौघं, रात्री दोनपर्यंत रील, आणि पहिल्या लेक्चरला बाक रिकामे.

कुपवाडकर: लांबनं बोलायला सोपं आहे, दादा. मी एमपीएससी करतोय. सात ते साडेआठ हीच माझ्या लेक्चरची वेळ, तीही यूट्यूबवर, कारण पुण्यात राहून क्लास लावायची ऐपत नाही. नोट्सच्या पीडीएफ टेलिग्रामवर. आणि २०२० ला शाळा बंद झाल्या तेव्हा पोरांच्या हातात मोबाईल दिला कुणी?

वारणाकाठ: लेक्चर बघ की, नको कोण म्हणतंय? पण दीड तासात नोटिफिकेशनची वरची पट्टी किती वेळा खाली ओढतोस, ते सांग.

मिरजेची आई: वडगावात मोठ्यांचंही बंद होतं, हे कुणी बोलतच नाही. मालिकासुद्धा! आमच्याकडं सासूबाईंची मालिका चालू, ह्यांचे व्हिडिओ मोठ्या आवाजात, आणि दहावीच्या पोराला दम, "मोबाईल ठेव." तिथं आशाताई, शिक्षक घरोघरी फिरले म्हणे. आमच्या अपार्टमेंटमध्ये कुणी दार वाजवलं तर आधी भांडणच होईल.

कोडवाला: मी ॲप बनवणाऱ्यांतलाच. स्क्रीनला तळच नसतो, बोट सरकवाल तितकं पुढचं येत राहतं. जाणूनबुजून केलेलं आहे ते. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणलं. पोरं इकडून उठून तिकडं बसली. भोंगा वाजवायचाच तर कंपन्यांच्या दारात वाजवा.

वारणाकाठ: कंपन्या सुधारेपर्यंत पोरांची परीक्षा थांबणार आहे का?

कुपवाडकर: म्हणजे बंदीनं काही होत नाही, हे कोडवाल्यांनीच दाखवून दिलं. मी सकाळी सहा ते नऊ अभ्यासिकेच्या काउंटरवर मोबाईल ठेवायला तयार आहे. पण वेळ माझी, भोंग्याची नाही.

मिरजेची आई: ठेव बाबा. पण वडगावात सगळ्यांचा एकदम बंद, म्हणून कुणाला काही चुकल्यासारखं वाटत नसणार. तू एकटा ठेवशील आणि नऊला ग्रुपवरचे दीडशे मेसेज वाचत बसशील.

कुपवाडकर: ग्रुप म्यूट आहे, काकू.